फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेच्या प्रत्येक भागात सिड नावाचा माणूस असतो, तो एकच का? आधीचे भाग न खेळता सातवा घेतला तर चालेल का?

खुशाल घ्या. क्रमांक असलेल्या जवळजवळ प्रत्येक भागाचं जग वेगळं, गोष्टही वेगळी. सिड हे फक्त नाव पुढे चालत आलंय, १९८८ च्या दुसऱ्या भागापासून. चौथ्यात तो हवाई जहाजं बांधतो, सातव्यात तोंडाळ वैमानिक, आठव्यात मुख्याध्यापक आणि बाराव्यात चक्क खलनायक! चोकोबो पक्षीही दुसऱ्यातलेच, मूगल हे छोटे केसाळ प्राणी तिसऱ्यापासून. अपवाद गिलगमेशचा: पाचव्यातला हा तलवारवेडा जगं ओलांडत भटकतो, त्यामुळे तो तोच असावा असं चाहते मानतात. मलाही तसंच वाटतं.

लढाईचं मात्र आधी समजून घ्या. मूळ सातव्यात १९९१ च्या चौथ्या भागातून आलेली एटीबी (ॲक्टिव्ह टाइम बॅटल) पद्धत आहे. प्रत्येक पात्राची पट्टी भरत जाते, भरली की तुमची पाळी; पण तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबत नाही. सेटिंगमध्ये ‘वेट’ निवडा, म्हणजे जादूची यादी चाळताना वेळ थांबतो. दहाव्यात ही घाईच नाही, पाळ्यांचा क्रम समोर दिसतो.