स्टोअरवर ॲप टाकायला किती खर्च येतो आणि ते नाकारलं तर काय करायचं?

विचारणाऱ्याने खाली लिहिलंय की तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी ॲप बनवलंय आणि त्याचे सर म्हणतात, "नियम पाळले तर काही अडत नाही." त्या सरांनी जन्मात एकही ॲप स्टोअरवर टाकलेलं नाही, मी पैज लावतो.

खर्चाचं आधी उरकतो. गूगल प्लेवर २५ डॉलर, एकदाच. ॲपलकडे ९९ डॉलर, दर वर्षी, वर मॅक कॉम्प्युटर हवा तो वेगळाच. गूगलवरचं वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर, म्हणजे ॲप वापरून बघणारे, सलग १४ दिवस ठेवावे लागतात. आधी २० लागायचे. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे टेलिग्रामवर ढिगाने आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मावशी, आत्या, मेसमधली पोरं, कुणीही चालतं. मधेच कुणी बाहेर पडलं नाही म्हणजे झालं. ॲपमधल्या विक्रीवर स्टोअर कापतं त्या कमिशनची चिंता आत्ता करू नका. वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के आहे, तुम्ही-आम्ही तिथवर जाणार कधी?

आता नाकारलं तर.

आमचं गाव जत तालुक्यात. आई तिथल्या बचत गटाची सचिव. तेरा बायका, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, त्यातूनच गटातल्या गटात कर्ज, शेकडा दोन व्याज. तीन वह्या. दर महिन्याच्या सभेनंतर आई रात्री अकरापर्यंत बेरजा करत बसायची आणि पाच-दहा रुपये जुळले नाहीत तर स्वतःच्या पदरचे घालून मोकळी व्हायची. ते बघून मी ॲप केलं. नुसती वही. यूपीआय नाही, बँक जोडलेली नाही, एक रुपयाही त्यातून इकडचा तिकडे होत नाही. बायकांची नावं, जमा, कर्ज, व्याज, बाकी. एवढंच.

२०२३ च्या पावसाळ्यात ते दोन्ही स्टोअरवर पाठवलं. एकीकडे पास झालं, दुसरीकडे अडकलं. कुठे अडकलं ते लिहीत नाही, भांडण वाढवायची हौस नाही. मेल आला: तुमचं ॲप वैयक्तिक कर्ज देतं, परवान्याची कागदपत्रं जोडा. म्हणजे माझ्या आईने रिझर्व्ह बँकेकडून परवाना आणायचा, गावातल्या एका बाईला शेळी घ्यायला दिलेल्या पाच हजारांसाठी!

चूक कशी झाली ते मला कळत होतं. कर्जाच्या बोगस ॲप्सनी तेव्हा लोकांना जगणं नकोसं केलं होतं, चार हजार द्यायचे आणि वसुलीला फोनमधल्या नातेवाइकांना घाण मेसेज पाठवायचे. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० वर ॲप्स काढली, हा आकडा सरकारने संसदेत दिलाय. ॲपलनेही २०२३ च्या जुलैत काही काढली. साफसफाई हवीच होती. पण केरसुणीला केर कुठला आणि पडलेली बांगडी कुठली ते कळत नाही.

मी अपील केलं. स्क्रीनशॉट जोडले, बचत गट म्हणजे काय यावर इंग्रजीत पानभर लिहिलं, वहीचा फोटोही लावला. उत्तर तेच, अक्षर न अक्षर तेच. पाच वेळा. खाली माणसाचं नाव नाही, फोन नंबर नाही. १ मार्च २०२४ ला गूगलने फीच्या वादातून नोकरी आणि लग्नाची मोठमोठी भारतीय ॲप्स काढली तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि काही दिवसांत ती परत आली. मोठ्यांना मंत्री असतो, आपल्याला फॉर्म असतो.

माझं ॲप अडकलेलं होतं त्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. दाजी पतसंस्थेत वसुलीला आहेत. ताटावर बसल्याबसल्या म्हणाले, "एवढी मोठी कंपनी. तिला तुझ्याशी काय वैर? तूच काहीतरी घाण केली असणार." सगळे हसले, ताईसुद्धा. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय ते असं: दाजी, वैर असतं तर बरं झालं असतं. वैरी निदान आपलं नाव घेऊन बोलतो.

शेवटी मी काय केलं? सगळीकडचा 'कर्ज' शब्द काढून 'उचल' घातला. उचल वाटप, उचल बाकी. आणि तीन दिवसांत ॲप पास! कोडची एक ओळ बदलली नव्हती.

पुढच्या सभेला मी स्वतः गावी गेलो. समाजमंदिरात चटईवर बायका बसलेल्या, आईने माझा फोन सगळ्यांना फिरवला. एका काकूंनी स्क्रीन बघितली आणि फोन पालथा करून चटईवर ठेवला. "उचल? आम्ही काय टोळीत चाललोय व्हय ऊस तोडायला?" मी म्हटलं, काकू, नुसता शब्द आहे. त्या म्हणाल्या, "तुला नुसता हाय. आमची बारा वर्षं गेली मुकादमाची उचल फेडण्यात." पुढे कुणी काही बोललं नाही. आईने वही उघडली.

हे कुठल्या नियमात बसतं? मशीनला 'कर्ज' शब्दाची भीती, बायकांना 'उचल' शब्दाची, आणि मधे मी. आता तिथे 'गटाकडून घेतलेले' असं लांबलचक लिहिलंय. छोट्या फोनवर ते दोन ओळींत मोडतं, वाईट दिसतं, पण चालतं. आई अजूनही आधी वहीत लिहिते आणि मग ॲपमध्ये.

तर तुमच्यासाठी: नाकारल्याचा मेल आला की लगेच तेच ॲप परत पाठवत बसू नका. कुठल्या कलमावर बोट ठेवलंय ते वाचा, स्टोअरवरचं वर्णन आणि स्क्रीनशॉट नव्याने करा आणि अपिलात फक्त तेवढ्याच मुद्द्यावर बोला, माझ्यासारखा निबंध लिहू नका. ॲप पैशाशी जरा जरी संबंधित असेल तर 'यातून पैशाचा व्यवहार होत नाही' हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत घाला. आणि सरांना म्हणावं, नियम पाळणं वेगळं, नियम वाचणाऱ्याला आपलं ॲप कळणं वेगळं.

एक सांगायचं राहिलं. बाईचा नंबर टाइप करायला लागू नये म्हणून माझ्या ॲपने फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागितली होती. कर्जाच्या ॲप्सना नेमकी तीच गोष्ट करायला गूगलने २०२३ च्या मे अखेरपासून बंदी घातली होती. कर्ज, व्याज, बाकी, वर कॉन्टॅक्ट. बाहेरच्या माणसाला माझं ॲप कसं दिसलं असेल ते तुम्हीच बघा. एकच नंबर निवडायचा तर फोनच्या सिस्टिमचाच पिकर, म्हणजे नंबर निवडायची खिडकी, असतो, त्याला ही परवानगी लागतही नाही. मी तो आळसाने वापरला नव्हता. वर 'कोडची एक ओळ बदलली नव्हती' म्हणालो ते त्या तीन दिवसांपुरतं खरं आहे. परवानगी मी तिसऱ्या अपिलानंतरच गुपचूप काढली होती.

दाजींना हे अजून सांगितलेलं नाही. ताई हे वाचत असेल तर तिनेही सांगू नये.