हापशाचा क्लॅम्प : पेटंट घ्यावं की ड्रॉइंग खुलं करावं?

प्रश्न : मी सोलापूरची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हापसा दुरुस्त करताना पाइप वर ओढायचा क्लॅम्प आम्ही प्रोजेक्टसाठी बनवलाय. सर म्हणतात पेटंट घ्या. मला ड्रॉइंग सगळ्यांना द्यायचंय. अशा कामात करिअर होतं का?

उत्तर : इंडिया मार्क २ हा हापसा १९७०च्या दशकात तुमच्याकडच्याच सोलापूर पंपावरून घडला. त्याचं डिझाइन पेटंटमध्ये अडकलं नाही, मापं आयएस ९३०१ या भारतीय मानकात आली आणि अनेक कारखाने तो बनवू लागले. तुझी इच्छा रास्तच आहे. पण क्लॅम्पचं नुसतं ड्रॉइंग वाटणं धोक्याचं आहे.

हिशेब बघ. पाणी उपसणारा सिलिंडर ३० मीटर खोल असेल तर ३२ मिमी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप साधारण ९५ किलो, १२ मिमी रॉड २७ आणि आतलं पाणी ३०, म्हणजे दीडशे किलो. क्लॅम्पच्या जबड्याचे दात झिजून पाइप निसटला तर तो बोअरमध्ये जातो, आणि ओढणाऱ्याची बोटं चेमटतात. जबड्याला ईएन ८ हे मध्यम कार्बनचं पोलाद घेऊन हार्डनिंग (तापवून कडक करणं) का केलं हे लिहिलं नसेल, तर गावातला फॅब्रिकेटर साधं माइल्ड स्टील लावेल. त्याला दोष देता येणार नाही. म्हणून कोणतं माप बदलायचं नाही, किती खोलीपर्यंत वापरायचा, दात किती झिजले की जबडा फेकायचा, हे ड्रॉइंगवरच हवं. चाचणी लॅबमधल्या कोऱ्या पाइपावर नको; गंजलेला, ओला, ग्रीस लागलेला पाइप घे. क्लॅम्प जिथे सरकला ती नोंद सगळ्यात आधी टाक. लोक नेमकी तीच लपवतात.

पेटंटचं म्हणशील, तर अर्जाआधी डिझाइन जाहीर झालं की नवेपणा सहसा संपतो, आणि मग पेटंट मिळत नाही. तेव्हा प्रोजेक्ट स्पर्धेत मांडण्याआधीच ठरवा. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज केला तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. खुलं करायचं ठरलं तर तारखेसह प्रसिद्ध करा, म्हणजे त्याच क्लॅम्पवर पुढे दुसऱ्याला पेटंट मिळणं अवघड होतं. सुधारणाही खुल्या राहाव्यात असं वाटत असेल तर सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स या खुल्या डिझाइनच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतला 'एस' प्रकार वाच; त्यात बदल करणाऱ्यालाही आपलं डिझाइन खुलं ठेवावं लागतं. हक्क कॉलेजचाही असू शकतो. बौद्धिक संपदा धोरण मागून घे आणि टीममधल्या प्रत्येकाची लेखी संमती घे.

करिअर होतं. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटचं एमटेक आहे, त्यासाठी गेट या प्रवेश परीक्षेची तयारी आत्ताच सुरू कर. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा, प्रत्यक्ष काम करत शिकवणारा विज्ञान आश्रमही बघून ये. साध्या कंपनीत गेलीस तर तिथलं ड्रॉइंग कंपनीचं असतं, ते बाहेर द्यायचं नाही. मात्र वापरणाऱ्याला इजा होईल असा दोष दिसला तर तो वरिष्ठांना लेखीच कळवायचा. मुलाखतीला जाताना चाचण्यांची वही सोबत ने.