पुरातत्त्वाच्या एम.ए.ला उत्खननात विद्यार्थ्यांना खरंच खणायला देतात का?

हो, देतात; पण कुदळ बहुतेक वेळा गावातल्या मजुरांच्या हाती असते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला खुरपी, ब्रश, टेप आणि वही येते. मी स्वतः एम.ए. करताना दोन हंगाम असं काम केलं आहे. खड्ड्याच्या उभ्या कडेवर पाणी शिंपडलं की मातीचे थर रंगाने वेगळे दिसतात. ते सुरीच्या टोकाने आखून आलेखकागदावर उतरवणं हेच खरं शिक्षण. दुपारनंतर खापरं धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर शाईने स्थळ आणि थर लिहायचा. हे कंटाळवाणं वाटेल, पण थर चुकला तर ते खापर अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी होतं. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 ते 1983 उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली मुलं सापडली. त्यांचा काळ ठरतो तो अशाच थरांच्या नोंदींवरून.

मात्र उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, त्यामुळे दरवर्षी ते होईलच असं नाही. एखाद्या वर्षी फक्त शेतं तुडवत खापरं शोधायचं सर्वेक्षणच मिळतं. प्रवेश घेण्याआधी विभागात चालू हंगामाची चौकशी नक्की करा.