रोध पडू लागला तो आकडा धरायचा की शून्य झाला तो?

ठाण्याच्या कॉलेजात तुम्ही भाजलेल्या वायबीसीओच्या (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, थंड केल्यावर विद्युत रोध शून्य होणारा अतिवाहक) वडीचा रोध ९२ केल्विनला पडू लागला आणि ८५ला शून्य झाला, तर संक्रमण तापमान, म्हणजे अतिवाहक होण्याचं तापमान, कुठलं लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही लिहा. आणि मधले सात अंश कृपया गाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे.

वडीत सगळ्या दाण्यांमध्ये ऑक्सिजन सारखा मुरत नाही. आधी दाणे अतिवाहक होतात, त्यांच्यामधले सांधे मागून. शून्य रोध म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तरी सलग वाट जुळली, एवढंच. बाकीच्या मालाचं त्यातून काहीच कळत नाही. हे तपासायला सोपा उपाय आहे. तेच मापन आधी १ आणि मग १० मिलिअँपिअरवर करा. वरची सुरुवात जागेवर राहिली आणि खालची शेपटी, म्हणजे शून्याकडे उतरणारा भाग, आणखी खाली सरकली, तर ती शेपटी सांध्यांची. दर तापमानाला प्रवाह उलटा करून सरासरी घ्या, नाहीतर तारांच्या जोडांवरचा औष्णिक व्होल्टेज आकड्यात मिसळतो.

हे पदार्थ तांबे-ऑक्सिजनच्या थरांचे बनलेले असतात, पण त्या थरांचा खेळ वडीत दिसणार नाही, कारण दाणे वेड्यावाकड्या दिशांना पडलेले असतात. त्यासाठी एकसंध स्फटिकच हवा. बेडनॉर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ज्या लॅन्थनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडपासून सुरुवात केली, त्यातच बेरियमचं प्रमाण १/८ ठेवलं की थरांच्या समांतर रोध ४० केल्विनच्या आसपास कोसळतो, पण थरांना लंब दिशेने तसं होत नाही. पूर्ण स्फटिक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो (सगळा माल अतिवाहक झाल्याची ही खूण) तो थेट ४ केल्विनच्या जवळ. म्हणजे आधी थर, मग थरांची आपसातली जुळणी. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि मला आजही हे या विषयातलं सर्वांत सुंदर मापन वाटतं.

म्हणून नुसत्या रोधावर थांबू नका, चुंबकीय मापनही करून घ्याच.

आणि आपल्याकडची हवा विसरू नका. द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या वडीवर लगेच दव धरतं, आणि वायबीसीओला पाणी सोसत नाही. पृष्ठभाग खराब होतो, चांदीच्या लेपाचे जोड बिघडतात. वडी बंद डब्यातच गरम होऊ द्या, मग सिलिका जेलमध्ये ठेवा. जूननंतर तर नक्कीच.