पारदर्शक जीव दिसेनात तेव्हा

प्रश्न : शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली मुलांना डबक्याच्या पाण्याचा थेंब दाखवते. पॅरामिशियम धूसर दिसतात, अमीबा तर सापडतच नाही. डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) पार मिटला की दिसतात, पण प्रत्येक कणाभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा येतात. रंग घातला तर जीव मरतात. उपाय काय?
— विज्ञान शिक्षिका, चिपळूण

उत्तर : जिवंत पेशी प्रकाश फारसा शोषत नाही, त्याला किंचित वळवते. म्हणून उजळ पार्श्वभूमीवर ती हरवते. डायफ्रॅम मिटला की कडा उठून दिसतात, पण बारकावे जातात. त्या रेघा विवर्तनाच्या, म्हणजे कडेपाशी प्रकाश पसरल्याने उमटलेल्या असतात, जीवाच्या अंगच्या नसतात.

तुम्हाला डार्कफील्ड हवं, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जीव चमकताना दाखवणारी पद्धत, आणि ते काळ्या कागदाच्या चकतीवर होतं. चकतीचं माप मात्र अंदाजाने घेऊ नका. 10एक्स ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) लावून थेंब फोकस करा, कंडेन्सर (स्लाइडवर प्रकाश एकवटणारं भिंग) अगदी वर न्या, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीत डोकवा. डायफ्रॅम हळूहळू मिटत आणा. त्याची कड उजळ वर्तुळाच्या कडेला नुकती टेकली की थांबा. आता खालच्या बाजूने डायफ्रॅमचं भोक पट्टीने मोजा. ते 10 मि.मी. भरलं, तर चकती 11 मि.मी.ची कापा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोल तुकड्यावर ती बरोबर मधोमध चिकटवून कंडेन्सरखालच्या फिल्टर होल्डरमध्ये ठेवा. मग डायफ्रॅम पूर्ण उघडा. हे राहून गेलं तर चकतीभोवतीचा प्रकाशही अडतो आणि सगळाच अंधार होतो. दिवा मोठा करा आणि पार्श्वभूमी सर्वांत काळी होईल तिथे कंडेन्सर थांबवा.

पॅरामिशियम आता चांदीसारखा चमकतो, कडेने रोमकांची थरथर दिसते, आत अन्नाचे दाणे लुकलुकतात. मुलं आयपीस सोडत नाहीत!

एकच बाजू उजळली तर चकती मध्यावर नाही. सगळीकडे दुधट झाक आली तर चकती लहान पडली आहे, किंवा थेंब जाड आणि गढूळ आहे. बोटांचे ठसेही इथे दिव्यासारखे उजळतात, म्हणून स्लाइड आणि कव्हरस्लिप स्पिरिटने पुसून घ्या. 40एक्सला मोठी चकती लागते आणि प्रकाश कमी पडतो, तरी जमतं. 100एक्सच्या तेलाच्या भिंगाला ही चकती चालत नाही. त्याला तेलाचा खास कंडेन्सर लागतो.

अमीबासाठी चकती थोडी बाजूला सरकवून तिरका प्रकाश देऊन पाहा. छद्मपाद उठावदार दिसतात. तो उंचसखलपणा मात्र खरा मानू नका; प्रकाश ज्या बाजूने येतो त्यावर तो ठरतो.

प्रश्न : प्रयोगशाळेत इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपवर (यात भिंग नमुन्याच्या खाली असतं) फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक पेशी रंग न घालता दाखवणारी पद्धत, वापरतो. 24 खणांच्या प्लेटमध्ये खणाच्या मधोमध पेशी छान दिसतात, कडेला करड्या आणि सपाट. भिंग बिघडलंय का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : भिंग ठीक आहे. खणाच्या कडेला माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) भिंतीवर चढतं, त्याचा पृष्ठभाग वाकतो आणि स्वतःच भिंगासारखा वागतो. त्यामुळे कंडेन्सरमधल्या गोल कड्याची (रिंगची) प्रतिमा ऑब्जेक्टिव्हमधल्या फेज-कड्यावरून सरकते. फेजचा सगळा खेळ या दोन कड्यांच्या जुळणीवर आहे: पेशीने न वळवलेला थेट प्रकाश त्या कड्यातून जाताना पाव तरंगलांबीने सरकतो आणि मंदही होतो, म्हणून पेशीतून आलेल्या प्रकाशाशी त्याचा फरक डोळ्याला दिसतो. या शोधासाठी डच शास्त्रज्ञ झर्निके यांना 1953 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा फोटो खणाच्या मध्यातूनच घ्या. कडेची मोजणी करायची असेल तर मोठ्या खणांची प्लेट घ्या. झाकणावर बाष्प धरलं असेल तर तेही आधी पुसा, नाहीतर तोच दोष प्लेटभर दिसेल.

जुळणी अशी तपासा: ऑब्जेक्टिव्हवर पीएच 1 (फेज-कड्याचा क्रमांक) लिहिलं असेल तर कंडेन्सरचं कडंही 1 लावा. आयपीस काढून तिथे सेंटरिंग टेलिस्कोप बसवा. उजळ कडं आणि काळसर कडं दिसेल; कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी उजळ कडं काळसर कड्याच्या आत पूर्ण बसवा. कंडेन्सरचा डायफ्रॅम उघडाच ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे पुन्हा तपासा.

पेशीभोवतीचं पांढरं वलय मात्र जाणार नाही, तो या पद्धतीचा स्वभाव आहे. पेशींच्या जाड गोळ्यांत ते फारच नडतं. तिथे डीआयसी (ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशावर चालणारी पद्धत) चांगलं, पण त्याला काचेच्या तळाची डिश हवी. प्लॅस्टिक ध्रुवित प्रकाश बिघडवतं.