पोपुलुसचे पोपुली, मग सेनातुसचे सेनाती का नाही?

प्रश्न असा : नुकतेच लॅटिन शिकायला घेतले आहे. ‘पोपुलुस’ (लोक) या नामाची षष्ठी ‘पोपुली’ होते, पण ‘सेनातुस’ची ‘सेनाती’ न होता ‘सेनातूस’ होते. दोन्ही नामे पुल्लिंगी, दोन्हींच्या शेवटी ‘उस’. मग नामे चालवण्याच्या पाच गटांपैकी कोणते नाम कुठल्या गटातले, हे ओळखायचे कसे? शाळेत संस्कृत होते, त्याचा उपयोग होईल की गोंधळच वाढेल?

प्रथमेवरून गट ओळखता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. यात लॅटिनचा काही वेगळा खडूसपणा नाही. भिंत आणि वीट ही आपली दोन नामे घ्या. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही उच्चारात व्यंजनान्त. तरी आपण ‘भिंतीला’ म्हणतो आणि ‘विटेला’ म्हणतो. अनेकवचनातही भिंती, पण विटा. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘का’ विचारले तर आपल्याकडे उत्तर नसते. शब्दासोबत त्याचे सामान्यरूपही लक्षात ठेव, एवढेच सांगता येते.

लॅटिनमध्ये सामान्यरूपाचे हे काम षष्ठीचे एकवचन करते. म्हणून कोशात ‘राजा’ या अर्थी नुसते ‘रेक्स’ नसते, ‘रेक्स, रेगिस’ अशी जोडी असते. त्यातल्या ‘रेगिस’मधला ‘इस’ काढला की ‘रेग्’ हे अंग हाती येते आणि बाकीचे प्रत्यय त्याला लागतात. ‘कोर्पुस’ (शरीर) हेही ‘उस’वालेच, पण नपुंसकलिंगी आणि षष्ठी ‘कोर्पोरिस’, म्हणजे अंग ‘कोर्पोर्’. प्रथमेकडे बघून हे कुणाच्या बापाला कळणार नाही. षष्ठीवरून गट पाडायची ही पद्धत जुनी आहे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिकवणाऱ्या प्रिस्कियानुसच्या व्याकरणात ती आहे. पहिल्या गटाची षष्ठी ‘आए’, दुसऱ्याची ‘ई’, तिसऱ्याची ‘इस’, चौथ्याची ‘ऊस’, पाचव्याची ‘एई’.

रोमच्या गटारांच्या झाकणांवर आजही एस.पी.क्यू.आर. ही अक्षरे दिसतात : ‘सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस’, सेनेट आणि रोमन लोक. (शेपटीचा ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातला ‘च’च, जागाही तीच, शब्दाच्या मागे.) यालाच षष्ठीत घाला : ‘सेनातूस पोपुलीक्वे रोमानी’. चौथा गट आणि दुसरा गट शेजारी शेजारी बसले आहेत. हे देवनागरीत लिहून काढायचा फायदा बघा. सेनातुस-सेनातूस हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक रोमन लिपीत डोक्यावर रेघ असेल तरच दिसतो, आणि ती रेघ बहुधा पाठ्यपुस्तकापुरतीच असते. ए आणि ओ यांच्या बाबतीत मात्र आपली लिपीही हात टेकते.

आता संस्कृतचा उपयोग. संस्कृतात आपण अकारान्त, इकारान्त, व्यंजनान्त असे गट अंत्य वर्णावरून करतो. लॅटिनचे पाच गट मुळात तसेच आहेत, फक्त प्रथमेत ते झाकले गेले आहेत. षष्ठीचे अनेकवचन घेतले की उघडे पडतात : पुएल्लारुम (मुलींचे), पोपुलोरुम, रेगुम, सेनातुउम, रेरुम (वस्तूंचे). म्हणजे आ, ओ, व्यंजन, उ, ए. तिसऱ्या गटात काही इकारान्तही मिसळले आहेत, त्यांचे अनेकवचन ‘इउम’ होते. ते सरावाने येतील. ‘आरुम’मधला ‘र’ मूळचा ‘स’ आहे, तेव्हा ‘तासाम्’ आठवून बघा.

तिसरा गट नवख्यांना सर्वांत त्रास देतो, आणि संस्कृत झालेल्याला तिथेच सर्वांत जास्त मदत मिळते. ‘वाच्’ चालवा : वाक्, वाचम्, वाचः. लॅटिनमध्ये ‘आवाज’ या अर्थी वोक्स, वोकेम, वोकिस. चतुर्थीचे अनेकवचन ‘वाग्भ्यः’, तिकडे ‘वोकिबुस’. भ्यः आणि बुस एकाच घराण्यातले. ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या सार्वजनिक गाड्यांना हे नाव पडले आणि पुढे इंग्रजांनी त्याचे डोके उडवले. तेव्हा एसटीच्या पाटीवरच्या ‘बस’मध्ये मूळ शब्द उरलेलाच नाही, चतुर्थीचा प्रत्यय तेवढा धावतो आहे.

नपुंसकलिंगाचा नियमही ओळखीचा निघेल : प्रथमा आणि द्वितीया सारखीच, जसे वनम्-वनम्. लॅटिनमध्ये अनेकवचनात या दोन्ही विभक्तींना ‘आ’. डेटा, मीडिया, अजेंडा ही सगळी मुळात अशीच अनेकवचने.

संस्कृत दगा देते ते दोन ठिकाणी. पहिल्या गटाला ‘माला’ समजून सरसकट स्त्रीलिंगी धरू नका. आग्रिकोला (शेतकरी), नाउता (खलाशी), पोएता (कवी) याच गटात चालतात, पण पुल्लिंगी आहेत. चांगला शेतकरी ‘बोनुस आग्रिकोला’, ‘बोना’ नव्हे. दुसरे म्हणजे तृतीया, पंचमी आणि सप्तमी बहुतेक एकाच रूपात कोंबल्या आहेत. ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने; ‘एक्स उर्बे’ शहरातून आणि ‘इन उर्बे’ शहरात, रूप तेच. द्विवचन मात्र नाही, तेवढी सुटका.

पाचही तक्ते एका दमात घोकू नका. पहिले तीन पक्के करा. पाचव्यात तर ‘रेस’ आणि ‘दिएस’ (दिवस) एवढीच नामे सर्व रूपांत पूर्ण चालतात. आणि पुस्तक एकच धरा, कारण ब्रिटिश पुस्तकांत द्वितीया वर असते आणि अमेरिकी पुस्तकांत षष्ठी-चतुर्थीच्या खाली. ठेक्यावर पाठ करणाऱ्याची तिथे पंचाईत होते. तक्त्यात षष्ठीच्या जागी दिसणारे ‘रोमाए’ वाक्यात ‘रोममध्ये’ अशा अर्थाने आले तर गोंधळू नका. ती जुन्या सप्तमीची उरलीसुरली खूण, आणि ती गावांच्या, लहान बेटांच्या नावांपुरती नि ‘दोमी’ (घरी) अशा दोन-चार शब्दांपुरतीच आहे.