पूर्व भागात काम सुरू करण्याआधी

एम.ए. झालं, आता सोलापुरातच पूर्व भागातल्या कामगार वस्तीत मानसिक आरोग्याचं काम करायचंय म्हणतेस, तर आधी ती नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ ची प्रश्नावली पिशवीतच राहू दे. टाकून देऊ नकोस, पुढे लागेल. पण कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली बिडी कामगार बाई सहसा 'उदास वाटतं' असं म्हणत नाही. डोकं जड झालंय, जीव घाबरा होतोय, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, हे तिचं सांगणं. मांडीवर सूप, त्यात पानं नि तंबाखू. बोलतानाही बोटं थांबत नाहीत, कारण मजुरी हजार बिड्यांवर ठरते. तिला थांबायला सांगू नकोस. शेजारी बस, तिच्या वेगाने विचार. नजर वर करत नाही म्हणून 'संपर्क टाळते' असं लिहून मोकळी होशील, अगं ती बिडी बघत असते! ती तेलुगू बोलत असेल आणि तुला येत नसेल तर वस्तीतलीच एखादी बाई सोबत घे. सासू मात्र दुभाषी नको.

सगळं स्वतः करू नकोस, वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे आशा आरोग्यसेविकांना, तयार कर. गोव्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकांत नैराश्य कमी करून दाखवलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलंय.

मजुरी कापली किंवा यंत्रमाग बंद पडून नवरा घरी बसला, तर श्वासाचे व्यायाम शिकवून येऊ नकोस. ते युनियनकडे न्यायचं प्रकरण. जीव द्यायची भाषा निघाली तर त्याच दिवशी सिव्हिलला स्वतः सोबत जा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांच्या फोनमध्ये टाकून दे.